पुढचं भांडण, मागची चूल

समुद्राकाठच्या त्या गावात किनाऱ्याला लागून खाण्याच्या टपऱ्यांची रांग आहे, आणि रांगेच्या टोकाला दोन जावांची दोन दुकानं. थोरलीच्या पाटीवर ‘जुनं ते सोनं’, धाकटीच्या पाटीवर ‘नवं ते हवं’. मध्ये तेलाच्या रिकाम्या डब्यांची ओळ. डबे वाळूने भरलेले, म्हणजे वाऱ्याने हलू नयेत आणि जावेने हलवू नयेत.

हवा पालटायला आलेली माणसं दिवसभर पाण्यात डुंबून संध्याकाळी भुकेने वखवखलेली वर येत, आणि रांगेतली चांगली चांगली दुकानं ओलांडून थेट टोकाला जात. मासा सगळीकडे सारखाच तळलेला असतो हो. पण इथे माशाबरोबर भांडण मिळायचं, तेही गरमागरम.

“अहो, तिकडे कुठे निघालात?” थोरली हातातला झारा उंचावून ओरडायची. “हिचा तो मासा मेला तेव्हा मी नवी नवरी होते!”

“जाऊबाई,” पलीकडून धाकटी, “तुम्ही नवी नवरी होतात तेव्हा समुद्र तरी होता का?”

की झालं, टाळ्या. पोरं खुर्च्यांवर उभी. एका बाजूचे लोक थोरलीचे, दुसऱ्या बाजूचे धाकटीचे, आणि अर्धे आज इकडे जेवून उद्या तिकडे, निव्वळ दुसरीची बाजू ऐकायला म्हणून. दरवर्षी येणारे एक गवती टोपीवाले काका होते. ते खुर्ची बरोबर डब्यांना चिकटून टाकत, मासा इकडचा खात, चहा तिकडचा पीत आणि कोण जिंकलं याचा निकाल देत. आपण निःपक्षपाती आहोत, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

आता आतली गोष्ट. रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होती, फक्त पाहुण्यांना नव्हती. दोन्ही दुकानांच्या मागे स्वयंपाकघर एकच होतं. चूल एक, कढई एक, भाताचं पातेलं एक. खिडक्या तेवढ्या दोन. त्याच कढईतला एक मासा या खिडकीतून ‘सोनं’ होऊन बाहेर जाई आणि दुसरा त्या खिडकीतून ‘हवं’ होऊन. पाहुणे बोटं चाटत शपथेवर सांगत, की चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भांडण सुरू झालं तेव्हा मात्र खरं होतं. दुकान तेव्हा एकच, आणि टेबल कुठे मांडायचं यावरून दोघी एकदा भर दुपारी तुटून पडल्या. जाणारे-येणारे थबकले, हसले, आणि पुढचं ऐकायला मिळावं म्हणून बसून खायला मागू लागले. थोरली हुशार. तिने दुसऱ्या दिवशी डबे आणून मध्ये मांडले.

पण खोट्या भांडणातही जीभ खरीच असते. पहिल्याच हंगामात थोरली बोलण्याच्या भरात धाकटीच्या रिकाम्या कुशीवर काहीतरी बोलून गेली. लोक हसले. धाकटीही हसली, आत गेली आणि तिने उकळत्या तेलात मासा असा टाकला की मनगट पोळलं. आठवडाभर स्वयंपाकघरात कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी थोरलीनेच नियम घातला: पुढे बोललेलं मागे आणायचं नाही. पुढचं पुढे, मागचं मागे. पुढे ‘जाऊबाई’ आणि ‘महाराणी’, मागे ‘ताई’ आणि ‘पोरी’. चुलीवर हात धरून दोघींनी तसं कबूल केलं आणि पाळलंही. इतकं कडक कोणी उपासही पाळत नाही.

त्यावर दोघींचं बरं चाललं होतं. थोरलीचा नवरा दारात आरामखुर्ची टाकून आकाशाकडे बघत बसायचा आणि वारा कधी सुटेल ते सांगायचा. रांगेत त्याला ‘हवामान खातं’ म्हणत. अंदाज चुकला की तो आकाशाला दोष देई. धाकटीचा नवरा दूरच्या शहरात बर्फाच्या कारखान्यात, वर्षातून दोनदा येणारा. म्हणजे एकीला नवरा असून उपयोग नव्हता आणि दुसरीला उपयोगाचा होता तर जवळ नव्हता. दोघी एकमेकींच्याच आधाराने दिवस काढत होत्या. तसं बोलून मात्र कधी कोणी दाखवलं नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी गर्दी दाटली होती. भांडण रंगात आलं होतं. थोरलीने नुकतंच धाकटीच्या चहाला ‘समुद्राचं उरलेलं पाणी’ म्हटलं होतं. धाकटीचं उत्तर यायला जरा उशीर झाला. मग ती म्हणाली,

“ताई, त्यांना कारखान्याची खोली मिळालीय. मला कायमचं ये म्हणतात. जाऊ का?”

लोकांनी थोरलीच्या उत्तराकडे कान लावले. आणि थोरली? समोर एवढी माणसं, हातात झारा, जिभेवर धार. ती म्हणाली,

“जा की! सुंठेवाचून खोकला गेला! जाताना तेवढा तुझा करपलेला तवा ने, नाहीतर लोक मला नावं ठेवतील!”

त्या हंगामातलं सगळ्यात मोठं हसू तेव्हा फुटलं. टोपीवाल्या काकांनी टेबलावर थाप मारून थोरली जिंकल्याचं जाहीर केलं. धाकटी म्हणाली, “बरं. जाते मग,” आणि आत वळली. लोकांनी तिलाही टाळी दिली.

थोरलीला वाटलं, वा, पोरीने नवं काहीतरी काढलं. उद्या हेच वाढवू.

शुक्रवारी सकाळी पाववाला सायकल लावून आला. या माणसाकडे पाव ताजे असत आणि बातम्या त्याहून ताज्या. पावाची लादी खाली ठेवत तो म्हणाला, “मग आता तुम्ही एकट्या. अवघड जाणार बघा.”

“कसली एकटी?”

“अहो, धाकट्या वहिनींनी सांगितलं ना, सोमवारपासून त्यांच्या बाजूचे पाव बंद. रविवारी टेम्पो येतोय म्हणे सामान न्यायला. तुम्हीच ‘जा’ म्हणालात म्हणे.” त्याने जरा जवळ येऊन आवाज खाली केला. “खरंच भांडण झालं का हो?”

थोरलीच्या पायाखाली वाळूच होती, ती सरकायला वेळ लागला नाही. तिला मंगळवारची संध्याकाळ आठवली आणि त्यातला एकच शब्द कानात वाजू लागला. धाकटी ‘जाऊबाई’ म्हणाली नव्हती. ‘ताई’ म्हणाली होती. पुढे उभी राहून, सगळ्यांसमोर, मागचा शब्द.

“तुझं तोंड कधी बंद राहत नाही का रे?” ती पाववाल्यावर खेकसली. तो बिचारा खूश होऊन निघाला, कारण आता पुढच्या दुकानात सांगायला आणखी काहीतरी मिळालं होतं.

थोरली आत गेली. धाकटी पाटावर बसून कांदा चिरत होती. फळीवरच्या तिच्या बरण्या रिकाम्या करून, धुऊन उपड्या घातलेल्या. थोरलीने मासे साफ करायला घेतले. सुरी हातात, पण मासा कुठून धरायचा तेच कळेना.

“काय गं पोरी,” ती म्हणाली, “तो पाववाला काहीतरी बरळत होता.”

धाकटीची सुरी थांबली नाही. “ताई, ते पुढचं आहे. पुढचं पुढे.”

“अगं पण...”

“नियम तुमचाच आहे.”

कांद्याचं एक बरं असतं, कोण का रडतंय ते विचारावं लागत नाही. सुरीचा आवाज टक टक टक चालू राहिला. विचारलं आणि पोरगी ‘हो, जातेय’ म्हणाली, म्हणजे? मग संपलंच. न विचारता निदान रविवारपर्यंत तरी काही संपलेलं नव्हतं. भित्र्या माणसाचं गणित असंच असतं, आणि साऱ्या किनाऱ्याला दम देणारी ही बाई आत्ता सशाहून भित्री झाली होती.

दुपारी ती नवऱ्याच्या आरामखुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. “अहो, ऐकता का? काय होईल हो?”

हवामान खात्याने डोळे बारीक करून क्षितिजाकडे बघितलं. “काही नाही. थोडं येईल आणि निघून जाईल.”

“कोण?”

“वारा.”

“तुम्हाला एकदा त्या खुर्चीसकट भरतीत सोडून यायला हवं,” असं म्हणून ती परत आली.

शुक्रवारची संध्याकाळ तिने नेहमीसारखी भांडून काढली. म्हणजे बोलली, पण नजर सारखी धाकटीच्या तोंडाकडे. धाकटी उत्तरं देत होती, चोख, वेळेवर, दुकानदाराने सुटे मोजून द्यावेत तशी. हसू येत होतं लोकांना. थोरलीला मात्र एकदाही नाही. शनिवारी सकाळी धाकटीने आपली पाटी खाली उतरवून पुसली आणि परत टांगली. का पुसली? नेण्यासाठी की ठेवण्यासाठी? थोरली तेवढ्यावर दुपारपर्यंत झुरली. तिला त्या दिवशी जेवणही गेलं नाही.

शेवटी तिने मनाशी ठरवलं. मागचं तोंड बंद आहे ना? मग पुढच्या तोंडाने सांगू. पोरीने पुढे विचारलं, आपणही पुढेच उत्तर देऊ.

शनिवारी सगळा किनारा जणू टोकालाच येऊन बसला होता. टोपीवाले काका डब्यांपाशी, रुमाल गळ्यात बांधून तयार. थोरली पुढे आली, झारा उचलला, आणि नेहमीच्या शिव्यांऐवजी मोठ्याने म्हणाली,

“उद्या जाऊ नकोस.”

मग काका ओरडले, “वा! नवा डाव!” आणि लोक हसले.

धाकटी पलीकडे थबकली. तिने थोरलीकडे निरखून बघितलं. पण तीही याच रंगमंचावर मुरलेली, तोंडातून सवयीने निघून गेलं, “का हो जाऊबाई? भांडायला दुसरं कोणी मिळणार नाही म्हणून?”

“हो.”

आणखी मोठं हसू.

“खरंच सांगते,” थोरली म्हणाली, आणि तिथेच तिचा घात झाला. कारण ‘खरंच सांगते’ हे तिचं ठरलेलं पालुपद होतं. खरंच सांगते, हिच्या भाताने मी भिंत लिंपली. खरंच सांगते, हिचा मासा मांजराने परत आणून दिला. लोकांनी ते ऐकलं आणि पुढच्या विनोदासाठी खुर्च्या पुढे ओढल्या.

“खरंच सांगते, तू गेलीस तर मला...”

“काय? काय?” कोणीतरी मागून ओरडलं. “सांगा की!”

थोरलीला कळून चुकलं की ती आता काहीही बोलली तरी त्याची टाळीच होणार. डोळ्यांत पाणी आलं तर म्हणतील, काय अभिनय! खाली बसून गळा काढला तर पैसे फेकतील. इतकी वर्षं जिभेवर कमावलं होतं, आणि आज हवा तो एक शब्द त्या जिभेवर टिकत नव्हता. पलीकडे धाकटीचा चेहरा बंद होत चालला होता. ती आत वळणार, हे थोरलीला तिचे खांदे वळू लागले त्यावरून कळलं.

मग थोरलीने झारा टेबलावर ठेवला आणि डबे ओलांडले.

पुढून डबे कोणीच कधी ओलांडले नव्हते. भांडण कितीही पेटो, शिव्या पलीकडे जात, पाय जात नसत. लुगड्याचा काठ अडकून एक डबा कलंडला आणि वाळू टोपीवाल्या काकांच्या चपलेवर सांडली. काका काहीतरी निकाल देणार होते, ते थांबले. थोरली धाकटीच्या एका रिकाम्या टेबलाशी गेली, खुर्ची ओढली आणि बसली.

“बस,” ती हळूच म्हणाली.

“गिऱ्हाईकं आहेत.”

“असू देत. बस पोरी.”

धाकटी बसली. मागच्या टेबलांवर कुजबुज झाली. “आवाज!” कोणीतरी ओरडलं. “इकडे काही ऐकू येत नाही!”

“मंगळवारी तू खरं विचारलंस,” थोरली म्हणाली.

“हो.”

“चुलीपाशी का नाही विचारलंस?”

“तिथे विचारलं असतं तर तुम्ही रडला असता. तुमच्या रडण्यासाठी मी राहिले असते, आणि मग तेच तोंडावर मारलं असतं तुमच्या, कधी ना कधी.” धाकटी टेबलावरचं मीठ नखाने गोळा करत होती. “म्हटलं, पुढे विचारू. ताई म्हणून विचारू. तुम्हाला कळेल.”

“नाही कळलं.”

“दिसलंच. सगळा किनारा हसला.”

“मग तू दुसऱ्यांदा का नाही विचारलंस गं?”

“तुम्ही का नाही विचारलंत? शुक्रवारपासून ठाऊक आहे तुम्हाला. त्या पाववाल्याला मी मुद्दाम तुमच्याकडे आधी पाठवला होता.”

आतून जळक्या तेलाचा वास यायला लागला. कढईत मासे तसेच होते. ‘सोन्या’चे ग्राहक आणि ‘हव्या’चे ग्राहक एकदमच ताटकळले होते. थोरलीच्या नाकाला तो वास कळला, उठायची ओढही लागली, पण ती उठली नाही. उठली असती तर परत बसता आलं नसतं.

“अहो, काहीतरी करपतंय!” टोपीवाले काका म्हणाले, आणि कोणीच हलत नाही म्हणून स्वतःच ‘नवं ते हवं’च्या मागच्या दारातून आत शिरले. क्षणभराने ते ‘जुनं ते सोनं’च्या दारातून बाहेर आले. हातात चिमटा, टोपी मागे सरकलेली. त्यांनी एका पाटीकडे बघितलं, मग दुसऱ्या पाटीकडे. “चूल एकच आहे,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग निमूटपणे परत आत गेले. कोणीतरी मासे उलटायला हवे होते.

“तुला जायचंय का?” थोरलीने विचारलं.

“माणूस एकटा राहतो तिकडे. स्वतः शिजवतो. वाईट शिजवतो.”

“ते नाही विचारलं मी.”

धाकटीने मीठ फुंकून टाकलं. “नाही. मला नाही जायचं. पण मी येते म्हणून कळवलंय. त्यांनी खोलीला रंग दिलाय, तोही सुट्टी काढून. आता मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तुमचं ‘जा’ ऐकून मी ‘हो’ म्हटलंय. तुम्ही सांगा त्यांना.”

थोरलीचा दीर म्हणजे शाळेचं पाटी-दप्तर घेऊन रडत बसायचा तेव्हापासून तिच्या हाताखाली वाढलेला. त्याच्याकडे तिने कधी काही मागितलं नव्हतं, रागावली मात्र भरपूर होती. तिने कमरेचा फोन काढला. बोटं तेलकट, आकडे घसरत होते. सगळी टेबलं बघत होती. आता कोणी हसत नव्हतं. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीला टाळी द्यायचं धाडस एवढ्या लोकांत एकालाही होईना.

“वहिनी?” पलीकडून आवाज आला. “काय गं, पुन्हा भांडलात का?”

“नाही रे. भांडलो असतो तर बरं झालं असतं.” तिने फोन कानाशी घट्ट धरला. “उद्याचा टेम्पो पाठवू नकोस. मी तिला ‘जा’ म्हणाले ते लोकांना हसवायला म्हणाले. माझी चूक झाली. तिला ठेव इथे.”

पलीकडे कसलंसं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“वहिनी, मलाही एकट्याला जेवायचा कंटाळा आलाय गं. तू असं बोलशील तर मी काय करू?”

खरं होतं ते. थोरलीकडे सगळ्या किनाऱ्याला पुरतील एवढी उत्तरं होती, याला एकही नव्हतं. “मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “खरंच ठाऊक नाही. पण मी मागतेय.”

“तिला दे फोन.”

थोरलीने फोन पुढे केला. धाकटीचे हात मघापासून माशाला लावायच्या पिठाने भरलेले. तिने फोन घेतला नाही, मानच पुढे वाकवली आणि थोरलीच्या हातातल्या फोनला कान लावला. थोरली हात ताठ धरून बसली. पलीकडचं तिला ऐकू येत नव्हतं. धाकटीचं तेवढं दिसत होतं, इतक्या जवळून की भुवईवर उडालेला पिठाचा कणही.

“हं,” धाकटी म्हणाली. “हं... नाही, मीच... हो, रंग दिलात ते... नाही, रागावले नाही त्यांच्यावर...” मग खूप वेळ काहीच नाही. थोरलीच्या दंडाला कळा यायला लागल्या. हात जरासा खाली आला तर धाकटीने खालून कोपराने तो उचलून धरला आणि ऐकतच राहिली. “हं... मग तुम्हीच या... रजा टाकून या... ते बघू मग, तिघांनी बसून बघू... ठेवते. त्यांचा हात दुखतोय.”

थोरलीने फोन खाली घेतला. विचारायचा धीर होईना.

“टेम्पो येतोय, पण सामान न्यायला नाही,” धाकटी म्हणाली. “ते स्वतः त्यात बसून येतायत. म्हणाले, दोघींनी मिळून मला न विचारता माझं ठरवलंत, आता मी येऊन तुमचं ठरवतो. चिडलेत.”

“चिडू दे. आणि तू?”

“मी कुठे जातेय!”

मागच्या टेबलावरून एका बाईने घाबरत विचारलं, आमचे मासे मिळतील का. आतून टोपीवाले काका ओरडले, आणतो, आणतो, दोन मिनिटं थांबा. आवाजावरून ते अजून रुसलेले होते, पण कढई काही सोडली नव्हती त्यांनी.

थोरली कढईकडे जायला उठली. धाकटीने तिला परत बसवलं, आत गेली आणि भाताचं ताट घेऊन आली. “सकाळपासून उपाशी आहात. जेवा आधी.”

थोरलीने घास घेतला. अख्ख्या किनाऱ्याच्या नजरा तिच्या तोंडाकडे.

“चिकट झालाय,” ती म्हणाली.

“सकाळी तुम्हीच शिजवलाय,” धाकटी म्हणाली, आणि मासे वाढायला निघून गेली.